टक्के हाडाचे धरायचे का कामाचे? (अपघाताचा दावा)

केजकर:
चुलतभाऊ ऊसतोडीला जातो, वय ३४. गेवराईजवळ हायवेवर जीपनं मोटरसायकलला मागून उडवलं, उजवा खांदा मोडला, प्लेट टाकली, तरी हात खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टरनं २५ टक्के अपंगत्व लिहून दिलं अन् विमा कंपनीचा वकील म्हणतो मग कमाई पण पंचवीस टक्केच बुडाली. अरे पण मोळी डोक्यावर घेऊन ट्रक भरायचा तर हात वर नको का? कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हा बसला की वहिनी पण घरी, एकटीला मुकादम (टोळीचा ठेकेदार) उचल म्हणजे आगाऊ पैसे देत नाही. माझं स्पष्ट मत, टक्के बंदच करा, माणूस आधी काय करत होता अन् आता काय करू शकतो तेवढंच बघा.

संभाजीनगर_वकील:
वाईट झालं भाऊ, पण हे पटत नाही. मी कंपन्यांकडून दावे लढतो. पेशंटवर कधी उपचारच केले नाहीत असा डॉक्टर तीन वर्षांनी ४० टक्के लिहून देतो, अशी सर्टिफिकेटं मी उलटतपासणीत पाडलीत. सुप्रीम कोर्टानं २०१० ला राजकुमार विरुद्ध अजयकुमारमध्ये असल्या रेडिमेड सर्टिफिकेटांपासून सावध केलंय. नुसतं काम होत नाही म्हटल्यावर पैसे द्यायचे तर खरा जखमी ओळखायचा कसा? अन् तुमचे २५ टक्के नुसत्या हाताचे का पूर्ण शरीराचे, ते लिहिलंय का?

केजकर:
साहेब त्याच निकालात आहे ना, सुताराचा हात गेला तर कमाई जवळजवळ सगळीच जाते अन् सरकारी क्लार्कची नोकरी टिकू शकते, ते कामून सांगत नाही? महिना १० हजार धरा, वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ज्यानं गुणतात तो गुणक ३४ वयाला १६, झाले १९ लाख २० हजार. पंचवीस टक्क्यानं ४ लाख ८०, कमाई साठ टक्के बुडाली धरली तर ११ लाख ५२. एवढ्या फरकात पोरांची शाळा हाये.

लातूरची_ताई:
टक्क्याच्या आधी साक्षीचं बघा. माझ्या वडलांच्या केसमधे एक्सरे, डिस्चार्ज कार्ड, बिलं सगळं होतं पण ऑपरेशन केलेले डॉक्टर साक्षीला आलेच नाहीत, तारखांवर तारखा गेल्या, शेवटी अपंगत्व धरलंच नाही. कोर्टानं साक्ष नोंदवायला कमिशनर नेमून दवाखान्यातच साक्ष घ्या म्हणून अर्ज करता येतो हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, तुम्ही आत्ताच करा. अन् मुकादमाला बोलवा, उचलीच्या वहीसकट.

संभाजीनगर_वकील:
ताई बरोबर बोलल्या. मुकादम वही घेऊन पिंजऱ्यात उभा राहिला तर मी साठला विरोध करीन पण पंचवीसवर अडून बसता येणार नाही मला. टक्के मात्र लागणारच, ते सोडू नका.

केजकर:
मुकादमाला काल फोन केला. म्हणतो आधी मागच्या उचलीची बाकी फेडा, मग वहीचं बघू.