थंडीत पिल्लं मरतायत, रोज सकाळी दोन-तीन, काय करू?

गोदाकाठचा_शेतकरी:
नमस्कार मंडळी, निफाडकडचा आहे. गिरिराज जातीच्या कोंबडीची एक दिवसाची १०० पिल्लं आणली, आज पाचवा दिवस आणि ११ गेली. दिवसा एकदम टवटवीत, खातात पितात, पण सकाळी खुराडं उघडलं की कोपऱ्यात दोन-तीन चपटी झालेली सापडतात, पोटात कालवतं हो बघून. आमच्याकडची पहाटेची थंडी तुम्हाला माहितीये. ८ बाय ८ चं खुराडं, खाली तूस, दोन बल्ब, चारी बाजूंनी प्लास्टिकने गच्च पॅक केलंय. रोग आलाय का? घरचे म्हणतात रात्री कोळशाची शेगडी ठेवू आत.

मावळ_पोल्ट्री:
दादा, चपटी म्हणजे रोग नाही, दबून मरतायत. ऊब कमी पडली की पिल्लं कोपरा धरतात, एकमेकांच्या अंगावर चढतात अन् खालची गुदमरतात. बल्ब कितीचे ते लिहिलं नाही तुम्ही. पिल्लामागे २ वॅट धरा, म्हणजे २०० तरी पाहिजेत, आणि साधे पिवळे, एलईडीने नुसता उजेड पडतो. कोपरेच ठेवू नका, पत्र्याची नाहीतर पुठ्ठ्याची दीड फुटी पट्टी गोल उभी करा, पिल्लं आत, बल्ब मधोमध. पहिला आठवडा पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ३५ डिग्री, मग दर आठवड्याला ३ कमी. पण खरं सांगू, थर्मामीटर राहू द्या, पहाटे साडेतीनला उठून बघा. बल्बखाली गोळा झाली तर गार लागतंय, लांब जाऊन चोच उघडून धापा टाकतायत तर जास्त झालं, सगळी एकाच बाजूला म्हणजे कुठून तरी वारा शिरतोय.

परसातली_ताई:
भाऊ, शेगडी बंद खुराड्यात अजिबात नको!! कोळशातून निघणाऱ्या विषारी गॅसला वास नसतो, आमची ३० पिल्लं झोपेतल्या झोपेत गेली, अजून विसरले नाही. प्लास्टिक पण वरून वीतभर मोकळं सोडा, सकाळी आत डोकं घातल्यावर डोळे चुरचुरले तर समजायचं हवा कोंडलीये. पाण्याच्या भांड्याखालचं ओलं तूस रोज काढा, पाणी कोमट द्या, शेपटीखाली घाण चिकटलेली दिसली तर कोमट पाण्याच्या बोळ्याने हळूच पुसून घ्या नाहीतर हगता येत नाही त्यांना. लाईट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या बारदानात गुंडाळून ठेवते मी, तास-दोन तास निभावतं. आणि लासोटा, म्हणजे राणीखेत (मानमोडी) रोगाची लस, दिली का?

गोदाकाठचा_शेतकरी:
ताई, दादा, खूप आभार. एक बल्ब ६०चा निघाला अन् दुसरा चक्क ९चा एलईडी, मीच बघितलं नव्हतं. आता १००चे दोन लावले, पुठ्ठ्याचा गोल केला, शेगडीचं नाव काढलं नाही. परवा एक गेलं, काल-आज एकही नाही. रात्री उठून बघितलं तर पाय ताणून, माना टाकून पांगून झोपलेली, मी घाबरून एकाला हात लावला तर चिवचिवाट करून सगळी उठली. लासोटाचे थेंब काल डोळ्यात घातले. बल्ब दिवसा ऊन आल्यावर बंद केले तर चालतील का?

मावळ_पोल्ट्री:
एक बंद करून बघा, गोळा व्हायला लागली की लगेच लावा. पिसं फुटेपर्यंत रात्रीचे मात्र काढू नका, तीन-चार आठवडे तरी.