थंडीत इंजिन लवकर तापत नाही: थर्मोस्टॅट की सेन्सर?

प्रश्न
पेट्रोल, १.२ लिटर. बाहेर ५ अंशांच्या आसपास असलं की १५ मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा मध्यापर्यंत पोचत नाही. सिग्नलला थांबल्यावर थोडा चढतो, मोकळ्या रस्त्यावर ८० च्या वेगात पुन्हा खाली. हीटरची हवा कोमट. अ‍ॅव्हरेजही घटलंय. चेक इंजिनचा दिवा नाही. अंदाजाने पार्ट बदलत बसायचं नाही, तपासायचं कसं?

प्रतिसाद १
उभ्या गाडीत चढतो आणि वेगात उतरतो, ही उघड्या अडकलेल्या थर्मोस्टॅटची खूण (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप). झडप नीट मिटली असती, तर रेडिएटरमधलं गार कूलंट इंजिनात आलंच नसतं, मग वारा कितीही लागो. नुसता तापमानाचा सेन्सर चुकत असता तर हीटर कडक गरम आला असता.

खात्री करायला रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करा आणि रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हाताने चाचपत राहा (पंखा आणि बेल्टपासून हात लांब). थर्मोस्टॅट चांगला असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि झडप उघडली की एकदम तापतो. अडकलेला असेल तर पहिल्या दोन-तीन मिनिटांपासूनच हळूहळू कोमट होत जातो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या बाजूला असतो. तिथे खालचा होज बघायचा.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) असेल तर आणखी सोपं. थंड गाडीत नुसती इग्निशन ऑन करून कूलंटचं आणि इनटेक हवेचं तापमान बघा. दोन-तीन अंशांचाच फरक असेल तर निदान त्या तापमानाला तरी सेन्सर बरोबर आहे. मग चालवून बघा. आकडा ६०-७० लाच रेंगाळला तर दोषी सापडला. पी०१२८ कोड (इंजिन पुरेसं तापत नसल्याचा) आला नाही म्हणून थर्मोस्टॅट निर्दोष ठरत नाही; त्या चाचणीच्या अटी छोट्या फेऱ्यांत पूर्ण होतातच असं नाही.

प्रतिसाद २
सहमत, पण त्याआधी कूलंट खरंच भरलेलं आहे का बघा. नुसती कूलंटची बाटली बघून भागणार नाही. रेडिएटरला झाकण असेल तर इंजिन पूर्ण गार असताना उघडून आत बघा. पातळी उतरून सेन्सरचं टोक हवेत राहिलं, तर काटा खाली आणि इंजिन आतून जळतंय, असा भलताच प्रकार होतो.

एसी बंद असूनही पंखा सुरुवातीपासून फिरत असेल तर त्याचा रिले (विजेचा स्विच) चिकटलाय किंवा सेन्सरची वायर तुटलीय. तरी एकट्या पंख्यावर खापर फोडू नका. थर्मोस्टॅट मिटलेला असेल तर पंखा फक्त रेडिएटरच गार करतो.

प्रश्नकर्ता
कूलंट काठोकाठ आहे. पंखा बंदच होता. वरचा होज तिसऱ्या मिनिटालाच कोमट. स्कॅनरवर सुरुवातीला दोन्ही आकडे ७, चालवताना ६४ च्या वर जाईना. थर्मोस्टॅट काढूनच टाकला तर?

प्रतिसाद १
अजिबात नको, त्याने हाच आजार कायमचा होईल. इंजिन गारच आहे असं समजून ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्त पेट्रोल ओतत राहतो, त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं. ऑइलमधली वाफही उडून जात नाही. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय धरते आणि लोक उगाच हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) उघडायला निघतात.

नवा घेताना जुन्यावर कोरलेला आकडा (८२, ८८ वगैरे) तोच घ्या. तो झडप उघडायला लागण्याचा आकडा. पूर्ण उघडायला आणखी १०-१५ अंश लागतात. सुटा मिळाला तर बसवण्याआधी थर्मामीटरसह पाण्याच्या भांड्यात तापवून बघा. गार असताना उजेडासमोर धरा, फट दिसता कामा नये.

प्रतिसाद ३
बसवताना: स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, छोटी हलणारी पिन असेल तर ती वर. रबर सील नवीन. ठरलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून ब्लीड स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. ही पायरी गाळली तर नव्या थर्मोस्टॅटनंतरही हीटर गारच राहील.

प्रश्नकर्ता
पार्ट यायला चार दिवस. तोवर रेडिएटरपुढे पुठ्ठा?

प्रतिसाद ३
अर्ध्या भागावर चालेल. पंख्याला टेकू देऊ नका, काट्यावर नजर ठेवा आणि रहदारीत अडकलात तर काढून टाका.