आधी मेंदीचं विचारा
"गिऱ्हाइकाने फोटोतला अ‍ॅश ब्लाँड (राखाडी झाक असलेला फिकट सोनेरी रंग) मागितला की तोंडावर नाही म्हणून मोकळं व्हा," हे पार्लरवाल्यांच्या या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय ते मला नाही पटत. नुसतं नाही म्हटलं की ताई शेजारच्या पार्लरमध्ये जातात आणि केस जाळून आपल्याकडेच परत येतात. फोटोपेक्षा मेंदीची चर्चा इथे व्हायला हवी होती, कारण मेंदी लावलेले केस ब्लीचने (केसांचा रंग उडवणाऱ्या मिश्रणाने) तेवढे उजळत नाहीत. "मेंदी लावता का?" असं विचारलं की हमखास उत्तर येतं, "छे, हल्ली नाही हो." हल्ली नसेल, पण केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे खांद्याखाली आलेल्या केसांच्या टोकाला दोन-अडीच वर्षांपूर्वीची मेंदी अजून बसलेली असते. म्हणून "शेवटची कधी लावली, आणि काळी होती का?" असं विचारा.

मग कानामागची बारीक बट कापून त्यांच्यासमोरच वाटीत ब्लीच लावून ठेवायची. आपले काळे केस आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे होतात. मेंदीचे बहुतेक वेळा नारिंगीवरच अडकतात. काही मेंद्यांत धातूचे क्षार असतात, तेव्हा बट चक्क गरम होते. तसं झालं तर काम घ्यायचंच नाही, गिऱ्हाईक कितीही जुनं असो. बट गरम झाली नाही, तर ती नारिंगी बट फोटोशेजारी धरायची, फार बोलावं लागत नाही. बऱ्याच जणी स्वतःच म्हणतात, "मग कॅरॅमलचे हायलाइट्स करूया का?" म्हणजे मधूनमधून तपकिरी-सोनेरी बटा. टोनर, म्हणजे ब्लीचनंतर हवी ती झाक द्यायला लावतात तो रंग, काही आठवड्यांत उतरतो हेही तेव्हाच सांगा, पैसे घेतल्यावर नको.