‘वॉनाबी’ या गाण्यात पाचव्या गायिकेच्या वाट्याला एकही स्वतंत्र ओळ का नाही?

प्रश्न : रामदासपेठकरीण

नमस्कार. आमच्या १९९७ च्या दहावीच्या तुकडीचे स्नेहसंमेलन येत्या डिसेंबरात नागपुरात, सिव्हिल लाइन्समधल्या एका सभागृहात व्हायचे आहे. त्यात आम्ही पाच मैत्रिणी स्पाइस गर्ल्स या पाच इंग्रज गायिकांच्या गटाचे ‘वॉनाबी’ सादर करणार आहोत. कोणी कोण व्हायचे यावरून वाद नको म्हणून चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या चिठ्ठीत त्या पाचांतली व्हिक्टोरिया निघाली. धरमपेठेतल्या कराओकेच्या खोलीत पहिली तालीम झाली, तेव्हा हाती आलेल्या कागदावर चौघींच्या नावांपुढे ओळी होत्या आणि माझ्या नावापुढे ‘धृपदात सर्वांबरोबर’ एवढेच लिहिलेले होते. तालमीची सूत्रे हाती घेतलेली मैत्रीण म्हणते की मूळ गाण्यातही असेच आहे. हे खरे आहे का, आणि असल्यास त्याचे कारण काय? शिवाय जवळजवळ तीन मिनिटे मी रंगमंचावर नेमके काय करावे, हेही कोणी सुचवल्यास बरे होईल.

उत्तर १ : सदरचा कॅसेटवाला

ताई, आपल्या मैत्रिणीचे म्हणणे खरे आहे. पाच जणींच्या गटाचे हे पहिलेच सिंगल, म्हणजे सुटे प्रकाशित केलेले गाणे, आणि त्यात व्हिक्टोरियाचा आवाज एकटा कुठेच ऐकू येत नाही. सुरुवातीची सवाल-जवाबासारखी फेक मेल बी आणि जेरी या गटातल्या दोघींत आहे, आणि पुढच्या कडव्यांतही व्हिक्टोरियाला स्वतंत्र जागा मिळालेली नाही.

कारण अगदी घरगुती आहे. हे गाणे पूर्व लंडनमधल्या स्ट्राँगरूम या स्टुडिओत, मॅट रो आणि रिचर्ड स्टॅनर्ड या दोघा गीतकार-निर्मात्यांबरोबर बसून रचले गेले. शब्द अर्ध्या तासात झाले, असे सांगितले जाते. त्या बैठकीच्या वेळी व्हिक्टोरिया कुटुंबातल्या एका लग्नाला गेली होती आणि मोबाइलवरून आपले मत कळवत होती. फोनवरून ‘हे आवडले, ते नाही’ असे सांगणे म्हणजे तिथे हजर असणे नव्हे, अशी खंत तिने पुढे आपल्या आत्मचरित्रात व्यक्त केली. आपल्याकडे लग्नाला गेल्यामुळे लोकांच्या परीक्षा बुडतात, तिची तर गाण्यातली ओळच बुडाली!

मात्र आपल्याला धीर देणारी एक गोष्ट आहे. या गाण्याच्या लेखनाचे श्रेय सात जणांना आहे : रो, स्टॅनर्ड आणि पाचही मुली. गटाच्या वाट्याला येणारे लेखनाचे मानधन पाच जणींत सारखे वाटायचे, असे त्यांनी आधीच ठरवून टाकले होते. म्हणजे गाण्यात जिची एक ओळ नाही, तिचा हिस्साही इतर चौघींएवढाच. ८ जुलै १९९६ रोजी ब्रिटनमध्ये आलेले हे सिंगल तिथे सलग ७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकेतही पहिले आले, तेव्हा तो हिस्सा काही लहानसहान नव्हता.

उत्तर २ : काळी एक

वरील माहिती बरोबर आहे, परंतु लग्नाचे कारण मला पुरेसे वाटत नाही. ध्वनिमुद्रण डिसेंबर १९९५ चे आणि प्रकाशन पुढच्या जुलैचे, म्हणजे मध्ये सात महिने गेले. या काळात गाण्याला हात लागला नाही असे नाही. अमेरिकेत करवून घेतलेले ध्वनीचे एक मिश्रण (मिक्सिंग) मुलींना पसंत पडले नाही आणि अखेर स्पाइक स्टेंट या ध्वनितंत्रज्ञाने केलेले मिश्रण बाजारात आले. एवढी खटपट ज्यांनी केली, त्यांना एका गायिकेला बोलावून दोन ओळी गाऊन घेणे अशक्य नव्हते. त्यामुळे पहिल्या दिवशी ती नव्हती याचा उलगडा लग्नाने होतो, पण तिची जागा तशीच का राहू दिली याचा होत नाही.

माझ्या मते त्याचे उत्तर गाण्याच्या स्वभावात आहे. सुरुवातीलाच मेल बी धावत मायक्रोफोनपाशी येते त्या पावलांचा आवाज आणि तिचे हसू ऐकू येते. कोणताही शिस्तीचा निर्माता ते कापून टाकील, पण इथे ते ठेवले आहे. मुलींचा घोळका खोलीत शिरतो, एक बोलते, दुसरी तिला तोडते, तिसरी वरचा सूर लावते, असा त्याचा सगळा बाज आहे. अशा घोळक्यात प्रत्येकीला मोजून चार मात्रा देत बसलो, तर त्याची शाळेतली प्रार्थना होईल. ध्वनिमुद्रक कंपनीला पहिले सिंगल म्हणून दुसरे गाणे हवे होते, आणि मेल बी व जेरी यांनी हट्ट धरला म्हणून हे आले, हेही इथे लक्षात घ्यावे. त्या दोघींना या अस्ताव्यस्तपणावरच विश्वास होता.

एक बोचरी गोष्टही सांगतो. २०१९ च्या दौऱ्यात व्हिक्टोरिया नव्हती आणि उरलेल्या चौघींनी हे गाणे गायले. एकही ओळ रिकामी पडली नाही.

उत्तर ३ : महालातील पेटीवादक

इतिहास झाला, आता तालमीबद्दल लिहितो. या गाण्याचा षड्ज पेटीच्या पांढरी सात या पट्टीला येतो. चाळिशी ओलांडलेल्या, रोजचा रियाज नसलेल्या आवाजांना धृपद तिथे ओढाताणीचे होईल, म्हणून कराओकेचा ट्रॅक दोन स्वर खाली घ्यावा. लय मिनिटाला साधारण ११० मात्रांची आहे आणि ठेका कानाला केरव्यासारखाच लागतो, त्यामुळे टाळी धरून शब्दांचा सराव करणे सोपे जाईल. बोलल्यासारखा जो भाग आहे तो आपल्याकडचे बहुतेक जण घाईने म्हणतात आणि मग त्यांचा दम तुटतो. तिथे श्वासाच्या जागा कागदावर खुणा करून पक्क्या कराव्यात.

आपल्या भूमिकेविषयी : मधल्या बोलक्या भागात मेल बी गटातल्या मुलींचा एकेक करून उल्लेख करते आणि त्यात व्हिक्टोरिया केवळ ‘व्ही’ या एका अक्षराने येते. त्या अक्षरावर आपण दोन पावले पुढे यावे आणि काहीही न बोलता उभे राहावे. मूळ चित्रफीत लंडनच्या सेंट पँक्रस इथल्या जुन्या मिडलँड ग्रँड हॉटेलात, जवळजवळ एका सलग दृश्यासारखी चित्रित केली आहे. त्यात बाकीच्या धुडगूस घालतात, तर व्हिक्टोरिया आखूड काळ्या पोशाखात तोल सांभाळून वावरते. आपण काळी पैठणी नेसावी. पोशाख आखूड असण्याचा आग्रह सिव्हिल लाइन्समधल्या डिसेंबरच्या थंडीत कोणीही धरणार नाही.

रामदासपेठकरीण

सर्वांचे मनापासून आभार. सातव्या हिश्श्याची, नव्हे, पाचव्या हिश्श्याची गोष्ट मी काल तालमीत सांगितली आणि सभागृहाच्या भाड्यातला माझा वाटाही त्याच न्यायाने सारखाच आहे, असे मला तत्काळ ऐकवण्यात आले. पेटीवादक काकांच्या सांगण्यानुसार ट्रॅक दोन स्वर खाली घेतला, त्यामुळे धृपद आता ओरडावे लागत नाही. एका मैत्रिणीने तिची एक ओळ मला देऊ केली होती, पण उत्तर २ वाचल्यावर मी ती परत केली. काळी पैठणी बहिणीकडे आहे, ती वर्ध्याहून मागवली आहे.