मदत हवी आहे: 2016 ची ऑटोमॅटिक अमेझ, गिअरबॉक्स सीव्हीटी की टॉर्क कन्व्हर्टर?

नमस्कार मंडळी,

चाळीसगावहून लिहितोय. वडिलांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबणं त्यांना आता जमत नाही. पण गाडी त्यांना स्वतःच चालवायची असते. शेत गावापासून लांब आहे, आणि तपासणीसाठी अधूनमधून कन्नड घाट चढून संभाजीनगर गाठावं लागतं. म्हणून जुनी ऑटोमॅटिक शोधतोय. धुळ्याला एका एजंटाकडे होंडा अमेझ पेट्रोल पसंत पडली. टायर चांगले, आतून स्वच्छ, किंमतही आवाक्यातली. सगळं अडलंय ते गिअरबॉक्सवर.

कोणता ऑटोमॅटिक आहे म्हणून विचारलं, तर एजंट म्हणे, "ऑटोमॅटिक शे ना भाऊ, आखो काय जोयजे?" मालकाला फोन लावला, तो म्हणाला सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्टा-पुलीचा ऑटोमॅटिक). आरसीवर गिअरबॉक्सचा वेगळा रकाना नाही आणि या गाडीच्या मॉडेलच्या नावातूनही काही कळत नाही.

माझ्या माहितीप्रमाणे 2013 ला आलेल्या अमेझमध्ये पेट्रोल ऑटोमॅटिकला पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून इंजिनाची ताकद पोचवणारा, ठरावीक गिअरचा ऑटोमॅटिक) होता. मार्च 2016 मध्ये फेसलिफ्ट (रूप बदललेली आवृत्ती) आली, तेव्हापासून सीव्हीटी. ही गाडी बरोबर त्या सांध्यावरची आहे: कारखान्यातून निघाली फेब्रुवारी 2016 मध्ये, नोंदणी एप्रिलची. समोरची जाळी नवीन पद्धतीची दिसते, पण बॉनेट आणि बंपरचा रंग बाकी गाडीशी जुळत नाही, म्हणजे पुढचा भाग कधीतरी बदललेला असणार. तेव्हा जाळीवर माझा भरवसा नाही. फेसलिफ्टमध्ये डॅशबोर्डही बदलला होता असं वाचलंय, पण जुनी अमेझ शेजारी उभी करून बघायची सोय इथे झाली नाही.

गिअरच्या दांड्याजवळ पी, आर, एन, डी स्पष्ट आहेत, त्याखालची अक्षरं पुसट झाली आहेत. पी आहे म्हटल्यावर सेलेरिओ, डिझायरमध्ये असतो तसला एएमटी (साध्या गिअरबॉक्सलाच यंत्राने क्लच-गिअर बदलणारी जोड) नाही, एवढं नक्की. तिथे दांड्याला पी नसतो, आणि गिअर बदलताना गाडी जरा मान टाकते.

आता खरी काळजी. कागदांमध्ये एका गॅरेजचं हाताने लिहिलेलं बिल सापडलं. त्यावर "गिअर ऑइल एटीएफ बदली" एवढंच आहे. एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. होंडाच्या टॉर्क कन्व्हर्टरला एटीएफ डीडब्ल्यू-1 लागतं आणि सीव्हीटीला एचसीएफ-2. ही दोन तेलं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सीव्हीटीत दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा फिरतो आणि पुलींची रुंदी कमीजास्त होऊन वेग जमतो. पट्टा घसरू न देता पुलीला धरून ठेवणं हे त्या तेलाच्या गुणावर अवलंबून असतं. चुकीचं तेल पडलं तर पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे उठतात, आणि ते ओरखडे नंतर योग्य तेल घालूनही जात नाहीत. म्हणजे मालक म्हणतो तशी ही सीव्हीटी असेल आणि बिलही खरं असेल, तर गाडी घेण्यासारखीच नाही. उलट जुना टॉर्क कन्व्हर्टर असेल तर बिल अगदी बरोबर आहे, आणि मला तो चालेल, नव्हे आवडेल. मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, त्यात घाट चढायचा. गिअरबॉक्सच्या तेलाची तिथेच परीक्षा होते.

चालवून पाहिली, पण एजंटाने गल्लीतच फिरवू दिली. हलक्या पायाने गाडी लोण्यासारखी पळते, आणि त्या वेगाला दोन्ही प्रकार सारखेच वाटतात. मोकळ्या रस्त्यावर पेडल पूर्ण दाबलं तर टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आरपीएमचा काटा चढतो, गिअर पडला की खाली येतो, परत चढतो. सीव्हीटीत काटा वर जाऊन तिथेच टिकतो आणि वेग मागून वाढत राहतो. रविवारी पुन्हा जाणार आहे, तेव्हा लळिंग घाटापर्यंत नेऊ दे असं बजावून सांगितलंय. तोवर बयाणा देणार नाही.

ज्यांच्याकडे 2013 ते 2015 ची ऑटोमॅटिक अमेझ आहे किंवा होती, त्यांनी कृपया सांगा: डी च्या खाली कोणती अक्षरं असतात? डॅशबोर्डचा एक फोटो टाकता आला तर फार उपकार होतील. 2016 नंतरची सीव्हीटी वापरणाऱ्यांनीही तेच दोन तपशील द्यावेत.

मिस्तरी मंडळींना आणखी एक विचारायचंय. गाडी रॅम्पवर चढवली तर गिअरबॉक्सच्या केसिंगवरून प्रकार ओळखता येतो का, आणि बघायचं कुठे? थोडं तेल काढून रंगावरून किंवा वासावरून काही ठरवता येतं का, की तो नुसता भ्रम?

जळगावच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर दिला तर गाडी माझ्या नावावर नसताना ते गिअरबॉक्स आणि जुन्या सर्व्हिसची नोंद सांगतात का? कुणी असं विचारून पाहिलं असेल तर काय कागद न्यावे लागले तेही लिहा. मालक आरसीची प्रत आणि संमतीचं पत्र द्यायला तयार आहे.