घरात डिमेन्शियाचं (विसरण्याचा आजार, अल्झायमर्स त्यातलाच) माणूस असेल तर सांभाळणाऱ्याला कुठली मदत खरंच मिळाली? कोल्हापूरकरांनो, अनुभव लिहा

राजारामपुरीकर वहिनी
सासूबाईंना अल्झायमर्स आहे, मी आणि नवरा दोघंच बघतो. धीर धरा, पुण्य लागतंय, हे ऐकून कान किटले. मला एवढंच सांगा की बाई, पैसे, डॉक्टर, शेजारी, कुठल्या का होईना मार्गानं उपयोगाची मदत कुठं मिळाली आणि त्यातनं तुम्हाला स्वतःला जरा टेकायला वेळ मिळाला का. पेशंटला काय खायला घालायचं हे सगळे सांगतात, बघणारी जेवली का हे कोण विचारत नाही. वृद्धाश्रम बरोबर की चूक यावर भांडण इथं नको, त्यासाठी वेगळं लिहू.

बावड्याची सून
आमच्याकडं मदत म्हणजे मावशी. आधी घरी पेशंट बघायला बायका पाठवणाऱ्या ब्युरोतनं मुली यायच्या, ट्रेनिंग झालेल्या, बीपी बघणार, डायपर बदलणार, सगळं व्यवस्थित, पण दर थोड्या दिवसांनी नवा चेहरा आणि नवा चेहरा दिसला की आत्ती (माझ्या सासूबाई) घरात चोर शिरलाय म्हणून आख्खी गल्ली गोळा करायच्या. एकच बाई कायम द्या म्हणून किती सांगितलं, त्यांचं आपलं "बघतो मॅडम". मग नणंदेच्या ओळखीनं वडणग्याच्या एक मावशी मिळाल्या.

आमच्या आत्ती पहाटे चारला उठून धारा काढायला निघतात. म्हशी विकून जमाना झाला, गोठ्याच्या जागी आता गाडी लावतो. आम्ही समजवायला जायचो की अहो म्हसरं नाहीत आता, की त्या कुणी विकली म्हणून रडायच्या, आणि हे रोज, रोज नव्यानं रडायच्या. मावशींनी पहिल्याच रात्री सांगितलं, "आत्ती, म्हस आटलीय न्हवं, निजा आता." आत्ती म्हणाल्या, "व्हय की," आणि परत अंथरुणावर. मी दारात उभीच राहिले. नवरा म्हणतो हे खोटं बोलणं झालं, मी म्हटलं तुम्ही खरं बोलून बघितलंसा की इतके दिवस.

ब्युरोची बाई नकोच असं नाही हां, बेडवरच्या पेशंटला तीच पाहिजे. चालताफिरता पेशंट असेल तर त्यांची बोली कळणारी बघा. आणि मावशींना आठवड्याची सुट्टी द्याच, त्यापण माणूसच आहेत.

शाहूपुरीचा धाकटा
आबा पोस्टातनं रिटायर. नोव्हेंबर आला की आमच्या पोटात गोळा, हयातीचा दाखला. आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो पण त्यात डोळे मिचकवावे लागतात आणि आबांना डोळे मिचकवा म्हटलं की "मला शिकवतोस होय रं" म्हणून उठूनच जातात. गेल्या वेळी गरम चहाचा कप तोंडाला लावलेला असताना समोर फोन धरला, वाफेनं डोळे मिचकले, काम फत्ते!! ज्यांना जमत नाही त्यांनी पोस्टमनला सांगा, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेतर्फे ते घरी येऊन अंगठा घेऊन करून देतात, थोडी फी आहे. सेंट्रलची पेन्शन असेल आणि वय 80 च्या वर असेल तर 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, गर्दीत जाऊ नका.

राजारामपुरीकर वहिनी
चहाची आयडिया भारी 😂 पैशाचं पण कुणीतरी लिहा की, बाईचा पगारच आमचा निम्मा घास खातोय.

कळंबा रोड
पैशाचं लिहितो. 70 च्या वरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (सरकारी आरोग्य विमा) काढून ठेवा, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखापर्यंतचा उपचार, पण ते दवाखान्यात ॲडमिट झाल्यावरच. घरची बाई, डायपर, रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत, उगाच आशेवर राहू नका. इन्कम टॅक्समध्ये जुन्या रिजीमवाल्यांना (जुनी करपद्धत घेतलेल्यांना) कलम 80डीडीबी खाली डिमेन्शियाच्या उपचाराची सूट आहे, पेशंट ज्येष्ठ असेल तर 1 लाखापर्यंत, डिसॅबिलिटी 40 टक्के किंवा त्यावर असल्याचं सर्टिफाय झालेलं असावं लागतं आणि न्यूरोलॉजिस्टचं (मेंदूच्या डॉक्टरचं) प्रिस्क्रिप्शन लागतं. आमच्या सीएला विचारल्याशिवाय त्यानं हे सांगितलं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सह्या बिघडायच्या आत बँकेचं बघा. लोक म्हणतात पॉवर ऑफ ॲटर्नी (आपल्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार) करून ठेवलीय, झालं. पण माणसाला कळेनासं झालं की साधी पॉवर ऑफ ॲटर्नी कायद्यानं संपते. माझ्या चुलत्यांचं तेच झालं, एफडी अडकली, आता गार्डियन (कायदेशीर पालक) नेमण्यासाठी हायकोर्टात अर्ज. त्यातल्या त्यात बरं म्हणजे ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, नाहीतर मुंबईच्या वाऱ्या होत्या.

पेठेतला
आमचे अण्णा जुने पैलवान. बाहेर पडले की तालमीकडंच जाणार हे नक्की, म्हणून कोंडून ठेवायच्या ऐवजी तालमीतल्या पोरांना, कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला आणि केएमटी बस स्टॉपवरच्या रिक्षावाल्यांना फोटो आणि माझा नंबर देऊन ठेवलाय. पोरं वस्ताद वस्ताद म्हणत बसवून घेतात, दूध पाजतात, मला फोन येतो. तेवढ्यात बायकोची दुपारची झोप होते. खिशात नाव-नंबरची चिठ्ठी असतेच. पण कुणाचं माणूस खरंच सापडेना झालं तर 24 तास थांबायला लागतं हे डोक्यातनं काढा, लगेच 112 लावा, पोलिसात जावा.

निवृत्त मास्तर
मी 74, बायको 70. मुलगी बेंगलोरला. बायकोला आंघोळ घालायला मी कमी पडत नाही पण लुगडं नेसवणं जमत नव्हतं, शेजारच्या वहिनी सकाळी येऊन नेसवून जातात. मी त्यांच्या नातवाचं गणित घेतो. असा हिशेब ठेवला की मागायला जड जात नाही.

एक नर्स (नाव नको)
दोन गोष्टी लिहिते, कारण रोज बघायलीय. पेशंट दोन दिवसांत एकदम बिघडला, बडबड वाढली, ओळखेना झाला तर आजार वाढला म्हणून गप्प बसू नका, लघवीची तपासणी करा. म्हाताऱ्या माणसांत युरिन इन्फेक्शननं असं होतं आणि औषधानं उतरतं. आणि सुरुवातीलाच व्हिटॅमिन बी12, थायरॉइड बघून घ्या, कधी कधी विसरण्याचं कारण तिथं निघतं.
दुसरं बघणाऱ्यांसाठी. रडू आवरत नसेल, हात उगारावासा वाटत असेल तर 14416 टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या योजना, कायदा वगैरे विचारायचं तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567, सकाळी 8 ते रात्री 8. बाई लावून देणं हे त्यांचं काम नाही, तेवढं लक्षात घ्या.

बावड्याची सून
हात उगारावासा वाटतो हे कुणीतरी लिहिलं ते बरं झालं ओ ताई.

पुण्यातला मुलगा
मी पैसे पाठवणाऱ्यांतला. दादावहिनींनी मला स्पष्ट सांगितलं, पैसे नकोत, गणपतीत आठवडाभर येऊन आईजवळ रहा, आम्ही दोघं बाहेर जातो. आता तसंच ठरलंय, गणपती आणि मे महिना. लांबच्या भावाबहिणींनो, फोनवरनं सल्ले देण्यापेक्षा रजा टाका.

राजारामपुरीकर वहिनी
सगळ्यांचं वाचलं, बँकेचं उद्याच बघतो. एक विचारू का, राजारामपुरी-शाहूपुरीतले आपण दोन-तीन घरं आळीपाळीनं शनिवारी दुपारी एकमेकांकडं बसूया का? एकीनं बसायचं, बाकीच्यांनी सुटायचं. कुठं जायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, मी तर नुसती रंकाळ्यावर जाऊन भेळ खाणार.

शाहूपुरीचा धाकटा
आम्ही आहे. फक्त एक अट, आबांबरोबर पत्ते खेळताना चीटिंग करायची नाही. माझं नाव ध्यानात राहत नाही त्यांच्या, पण बदामचा गुलाम कुणाकडं गेलाय ते बरोबर सांगतात.