सहा वर्षांच्या मुलात एन१ (आवाजाला मेंदूने दिलेल्या प्रतिसादाच्या आलेखातली एक लाट) सापडत नाही, मशीनचा दोष की वय?

कर्वेरोड_ऑडिओ: मूल सहा वर्षांचं, ऐकणं नॉर्मल, बेरात (आवाजाला ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा देठ, काय प्रतिसाद देतो याची चाचणी) पाचवी लाट जागच्या जागी. पण कॉर्टिकल (कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, त्याच्या प्रतिसादाची चाचणी) घेतलं की आवाजानंतर १०० मिलिसेकंदांना, जिथे मोठ्या माणसात एन१चा खड्डा पडतो, तिथेच मोठा उंचवटा. खड्डा थेट २५०ला. 'डा' हा आवाज, सेकंदाला एकदा. इलेक्ट्रोड उलटे लागलेत का?

कानोसा: नाही, सहा वर्षांचा आलेख असाच असतो. उंचवटा पी१, खड्डा एन२. जन्मतः पी१ ३००च्या आसपास असतो, दोन-तीन वर्षांत साधारण १२५वर येतो, मोठेपणी ६०वर. बेरा दोन वर्षांतच मोठ्यांसारखा होतो, कारण तो ब्रेनस्टेमचा. कॉर्टेक्सच्या वरच्या थरांतले तंतू मात्र पाच ते बारा वर्षांपर्यंत पिकत राहतात. त्यामुळे बेरा नॉर्मल म्हणून कॉर्टिकलही मोठ्यांसारखं येईल, हा हिशेबच चुकीचा.

माळवाडीकर: शिवाय सेकंदाला एक म्हणजे लहानांसाठी घाई. एन१ला दोन आवाजांमध्ये सावरायला वेळ लागतो, आणि लहान वयात जास्तच. अंतर दोन सेकंदांपर्यंत वाढवा, उंचवट्याच्या पाठीवर बारीक खाच दिसू शकते. नाही दिसली तरी घाबरू नका. नेहमीच्या वेगाला एन१ नऊ-दहा वर्षांनंतरच भरवशाने येतो.

फिल्टरही बघा. बेराचाच १००–३००० हर्ट्झ ठेवला तर या संथ लाटा साफ गाळल्या जातात. इथे १ ते ३० लागतो.

कानोसा: आणि मूल जागं हवं. पुण्याची १ ते ४ बेराला वरदान, कॉर्टिकलला शाप. झोपेत लाटांचा आकारच बदलतो. आवाज बंद करून कार्टून लावा. डोळ्यांची उघडझाप ±१०० मायक्रोव्होल्टच्या कात्रीने उडवा, पण त्यात निम्मे स्वीप (एकेका आवाजाच्या नोंदी) गेले तर पुन्हा घ्या.

कर्वेरोड_ऑडिओ: फिल्टर बरोबर होता, वेगच जास्त होता. पण याच वयात पी१ १८०ला आला असता तर?

माळवाडीकर: मग ती काळजीची गोष्ट. जन्मतः बहिऱ्या मुलांत साडेतीन वर्षांच्या आत कॉक्लियर इम्प्लांट (आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं उपकरण) झालं तर पी१ काही महिन्यांत वयाच्या पट्ट्यात येतो. सात वर्षांनंतर केलं तर बहुतेकांचा मागेच राहतो. म्हणून एन१ शोधत बसण्यापेक्षा या वयात पी१चा आकडा आधी लिहा, आणि सोबत मुलाचं वय महिन्यांत.